साडेतीन तास मागं

आमच्या सरांच्या घरी महाळाचं जेवण दुपारी साडेतीनला व्हायचं. पितृपंधरवड्यात अख्ख्या परंड्यात बाराच्या सुमारास पानं वाढली जायची, कावळे घास उचलायचे, माणसं जेवून ओट्यावर सुपारी कातरत बसायची. आणि सरांकडं आमंत्रण असलेली चार-पाच माणसं भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत ताटकळलेली असायची. त्या घड्याळात तेव्हा सकाळचे साडेआठ वाजलेले असत.

“तिथं आत्ता कुठं साडेआठ झालेत,” सर म्हणायचे. “साडेआठला कोण जेवतं? तिथं बारा वाजू द्या, मग वाढू.”

माझे वडील एसटी डेपोत कारकून आणि सरांचे शेजारी, त्यामुळं त्यांना दर वर्षी आमंत्रण ठरलेलं. त्या दिवशी ते आईला सांगायचे, “मी सरांकडं जेवायला चाललोय. आधी दोन भाकरी टाकून दे.”

भटजींची आणि सरांची तर दर वर्षी जुंपायची. पितरांची दिशा दक्षिण, हे भटजींचं म्हणणं. सर खिशातून शाळेचं होकायंत्र काढून पानावर ठेवायचे आणि पान वायव्येकडं फिरवायचे. “तुमचे असतील दक्षिणेला. माझे वडील तिकडं हायत. तुमच्या शास्त्रात नकाशा न्हाय, त्याला मी काय करू?” भटजींनी पुढं वाद सोडला आणि घरून पोहे खाऊन यायला सुरुवात केली.

राहता राहिला कावळा. साडेतीनपर्यंत गावातले कावळे घरोघरचं जेवून सुस्तावलेले असत. सरांच्या पानाला शिवायला कुणी यायचं नाही. सर गच्चीवर उन्हात उभे. चार वाजायचे, सव्वाचार वाजायचे. सरांच्या वडलांची काहीतरी इच्छा राहिली असणार, असं लोक खालच्या आवाजात बोलायचे. सरांच्या कानावर ते जायचं. ते एवढंच म्हणायचे, “लांबून यायचं असतं त्यांना.”

सर जाऊन आता दोन वर्षं होतील. त्यांची आठवण काढायची म्हटलं की मला आधी ती उपाशी माणसं आठवतात, आणि मग ते गाव.

‘तिथं’ म्हणजे इटलीत. इटलीत म्हणजे रोमबिमला नव्हे. डोंगरांच्या मधल्या एका खोऱ्यात, नदीच्या काठी, आपल्या शेजारच्या ईट गावापेक्षा थोडं लहानच असेल अशा एका गावात. त्या गावाचं नाव आम्हा पोरांच्या जिभेला कधी पेललं नाही. आम्ही त्याला ‘सरांचं गाव’च म्हणायचो, म्हणून इथंही तेच म्हणते. सर स्वतः तिथं कधी गेले नव्हते. बीएडला पुण्यात होते, तेवढाच काय तो त्यांचा परदेश.

सर आम्हाला भूगोल शिकवायचे. भूगोलाच्या पुस्तकात त्या गावाचा उल्लेख असायचं कारणच नव्हतं. पण सोलापूरला रद्दीच्या दुकानात त्यांना दुसऱ्या महायुद्धाच्या आधीचं एक इंग्रजी प्रवासी पुस्तक मिळालं होतं आणि त्यात त्या गावावर दीड पान होतं. त्या दीड पानावर सरांनी तीस वर्षं शिकवलं. नदीवर तीन कमानींचा पूल. गावात शिरताना दगडी वेस. चौकात चौकोनी घंटाघर, भूकंपात एका अंगानं तडकलेलं, आणि त्याच्या घड्याळाला फक्त तासकाटा. लोकर धुण्याचा आणि रंगवण्याचा धंदा. रंगाऱ्यांच्या गल्लीतून नदीला उतरणारं पाणी कधी तांबडं, कधी निळं. वर टेकडीवर एका साध्वीचं छोटं देऊळ. पूर आला की लोक तिथं जाऊन बसत.

हे आम्ही वर्गात बसून शिकलो नाही. शनिवारी सकाळची शाळा सुटायच्या आधी सर आम्हाला रांगेनं बाहेर काढायचे आणि परंड्यातून ते गाव दाखवायचे. आमची वेस ती तिथली वेस. किल्ल्याच्या खंदकावरचा पूल तो तीन कमानींचा पूल. ग्रामपंचायतीची पाण्याची टाकी म्हणजे घंटाघर. पुलावरून पुढं आलं की पोकळ बुंध्याचं एक झाड, आणि तिथून थोडं चाललं की जुनी बारव. बारवेत उतरताना सर स्वतः एका पायरीवर उभे राहायचे आणि एकेका पोराचा हात धरून पुढं सोडायचे. “सहावी सांभाळा. फुटकी हाय. तिथली बी सहावीच फुटकी हाय.”

आम्हाला याचं काही नवल वाटायचं नाही. जगात गावं दोनच, असं सरांचं मत होतं: एक आपलं आणि एक आपल्यासारखं. कुणी विचारलंच की सर, इतकं कसं जुळतं, तर म्हणायचे, “माणूस इथूनतिथून एकच. पाणी लागतंय, तर विहीर खणणार. विहिरीला पायऱ्या करणार. त्यातली एक फुटणार.”

आमच्या वर्गातली माणसं अजूनही एकमेकांना ‘घंटाघराखाली भेट’ असं सांगतात. माझा नवरा लातूरचा. लग्नानंतर पहिल्यांदा परंड्याला आला तेव्हा अर्धा तास घंटाघर शोधत फिरला आणि शेवटी पाण्याच्या टाकीखाली माझ्यावर चिडून उभा राहिला.

एकदा शाळातपासणीला एक साहेब आले होते. त्यांनी आम्हाला उभं करून विचारलं, “तुमच्या गावात पाहण्यासारखं काय काय आहे?” अख्खा वर्ग हात वर करून उड्या मारायला लागला. पहिलीनं तीन कमानी सांगितल्या, दुसऱ्यानं रंगाऱ्यांची गल्ली, तिसऱ्यानं एका काट्याचं घड्याळ. साहेब लिहून घेत होते. चौथीनं साध्वीचं देऊळ सांगितलं तेव्हा त्यांचं पेन थांबलं. “आणि किल्ला?” त्यांनी विचारलं. किल्ल्याबद्दल सांगता येईल असं एकाही पोराजवळ काही नव्हतं. किल्ल्याच्या सावलीत वाढलेली पोरं आम्ही, पण त्यातल्या तोफा कुणी ओतल्या हे विचारलं तर एकमेकांच्या तोंडाकडं बघत होतो. सरांना त्याबद्दल लेखी खुलासा द्यावा लागला. त्यात त्यांनी काय लिहिलं ते माहीत नाही, पण पुढच्या शनिवारी आम्ही पुन्हा रांगेनं बाहेर पडलो.

हे सगळं वेड आहे असं गाव म्हणायचं, आणि त्यात प्रेमच जास्त असायचं. त्या वेडामागचं कारण मात्र थोड्यांनाच माहीत होतं. मला सरांनी ते सांगितलं तेव्हा मी कॉलेजात होते.

परंडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता आणि बार्शी इंग्रजांच्या. सरांचे वडील एके दिवशी बार्शीच्या बाजाराला म्हणून गेले आणि तिथं पलटणीत भरती होऊन मोकळे झाले. घरी अठरा वर्षांची बायको. तिला दिवस गेलेले. ते त्यांना ठाऊक होतं की नाही, हे सरांना शेवटपर्यंत कळलं नाही. दुसरं महायुद्ध चालू होतं. पलटण फिरत फिरत इटलीत गेली. तिथून एक पत्र आलं आणि त्यानंतर थेट तार. पुढच्या डोंगरात कुठंतरी लढताना गेले. राख नाही, वस्तू नाही. बार्शीकडचा त्यांचा एक सोबती युद्ध संपल्यावर भेटायला आला. ते पत्र लिहिलं तेव्हा आम्ही अमुक गावात महिनाभर होतो, एवढं त्यानं सांगितलं. गावाचं नाव पत्रातही होतं, पण लष्करानं ते कात्रीनं कापून घेतलेलं. पत्राला तिथं चौकोनी भोक आहे.

“माझ्या बापानं मला बघितलं न्हाय, म्या त्यांना न्हाय,” सर म्हणाले. भावना आवरता आवरत नसल्या की त्यांच्या तोंडी ‘म्या’ यायचं, एरवी शिक्षकाला शोभेल असं ‘मी’च म्हणायचे. “मरायच्या आधी त्यांनी जे डोळे भरून बघितलं, ते मला बघायचंय. दोघांनी बघितलेली एक तरी गोष्ट पाहिजे का न्हाय?”

ते पत्र आम्हा पोरांना तोंडपाठ होतं. सर ते दर वर्षी वर्गात वाचायचे. असं होतं:

‘इकडे सर्व खुशाल. हे गाव चांगले आहे. शिरायला मोठी वेस आहे. पुढे पाण्यावरून पूल आहे. पूल उतरले की उजव्या हाताला झाड, त्याच्या बुंध्यात पोकळी आहे. तिथून थोडके चालले की उतरती विहीर लागते. पायऱ्या एकोणीस आहेत, सहावी फुटकी आहे. सांजेला बाया पाण्याला येतात. सगळ्या घागर डाव्या कडेवर घेतात. एकटी आहे ती उजव्या कडेवर घेते. वर आली की थांबते, मागे बघते, मग जाते. मी रोज बघतो. गाव फार चांगले आहे. काळजी नसावी.’

बस्स. बायकोबद्दल एक अक्षर नाही. सरांच्या आईला वाचता येत नव्हतं. पत्र आलं तेव्हा पोस्टमास्तरांनी ते सासूसासऱ्यांसमोर मोठ्यानं वाचलं, आणि पाण्याला येणाऱ्या त्या बाईच्या ओळीवर कुणीतरी हसलं. त्या माउलीनं पत्र हातातून ओढून घेतलं आणि ट्रंकेत तळाशी टाकलं. पुन्हा कधी वाचून घेतलं नाही. थोड्याच दिवसांत तान्ह्या लेकराला घेऊन माहेरी ईटला गेली, आणि तार आल्यावर कितीतरी वर्षं तिथंच राहिली. सरांना नोकरी लागल्यावर परंड्याला परत आली ती केस पिकल्यावरच. नवऱ्याचा विषय निघाला की म्हणायची, “त्येंचं काय, तिकडंच रमले. त्या घागरवालीला बघत बसले.” मरेपर्यंत तिचा त्या परक्या बाईवरचा राग गेला नाही.

मी पुण्यात औषधांची पाकिटं भरणाऱ्या यंत्रांच्या कंपनीत नोकरीला लागले. काही वर्षांपूर्वी कंपनीनं मला दोन आठवड्यांच्या प्रशिक्षणाला इटलीला पाठवायचं ठरवलं. घरी कळवायच्या आधी मी सरांना फोन केला. सर म्हणाले, “तिथं आत्ता सकाळचे सहा वाजलेत. पोरी, तू ये आधी इकडं.”

मी गेले. सर तेव्हा ऐंशीच्या घरात होते, पाय सुजायचे, डॉक्टरांनी एसटीचा प्रवाससुद्धा बंद केला होता. त्यांनी मला पत्राची झेरॉक्स दिली आणि उत्तरपत्रिकेच्या मागं काढलेला नकाशा. दोन कामं सांगितली. पुलापासून विहिरीपर्यंत चालत जायचं आणि सहावी पायरी अजून फुटकी आहे का ते बघायचं. मग तिथं पाच मिनिटं नुसतं उभं राहायचं. “फोटो नंतर काढ. आधी पाच मिनिटं माझ्या वतीनं बघ. आणि फोनवर काही सांगू नको. गाव फोनवर सांगायचं नसतं.”

काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, स्वयंपाकघरातून म्हणाल्या, “येताना त्या गावाची वेळ तेवढी तिथंच ठिवून ये गं बाई. चाळीस वर्षं झाली, म्हाळाला उपाशी मरतोय आमी.”

मधल्या रविवारी मी बसनं तिथं गेले. डोंगर, नदी, टेकडीवर देऊळ, सगळं जागच्या जागी. पण पूल सिमेंटचा, सरळसोट, एकही कमान नाही. घंटाघर गुळगुळीत, आणि त्याच्या घड्याळाला दोन्ही काटे. वेस नव्हतीच. विहीर शोधत मी गाव दोनदा पालथं घातलं. शेवटी नगरपालिकेच्या इमारतीत दोन खोल्यांचं संग्रहालय दिसलं. तिथं एक नव्वदीला टेकलेली बाई खुर्चीत बसून विणत होती. फोनमधल्या भाषांतराला मध्ये घालून मी तिच्याशी बोलले.

तिनं मला भिंतीवरचे फोटो दाखवले. माघार घेणाऱ्या फौजेनं पूल उडवला होता. वेस पडली, घंटाघर कमरेत मोडलं. तुमचे सैनिक आले तेव्हा इथं नुसते दगड होते, ती म्हणाली. आम्ही वरच्या गुहांमध्ये राहायचो. ती तेव्हा सहा-सात वर्षांची होती. सावळे सैनिक पत्र्यावर पातळ गोल भाकरी भाजून पोरांना द्यायचे, हे तिला पक्कं आठवत होतं. हातानं आकार करून दाखवला.

“आणि विहीर?” मी विचारलं. “पायऱ्यांची?”

तसली विहीर इथं कधीच नव्हती, ती म्हणाली. पाणी झऱ्याचं. कोपऱ्यातल्या एका फोटोत तांब्याच्या घागरी घेतलेल्या बायका होत्या. सगळ्यांच्या घागरी डोक्यावर. मी कमरेवर हात ठेवून विचारलं, अशी नाही घेत कुणी? ती हसली. विणकाम बाजूला ठेवून उठली, कोनाड्यातली घागर घेऊन स्वतःच्या पांढऱ्या डोक्यावर ठेवली आणि हात सोडून दोन पावलं चालून दाखवली. कमरेवर हात मारून मान हलवली. कधीच नाही.

मी बाहेर चौकात येऊन बसले आणि पत्र काढलं. आयुष्यात पहिल्यांदा मी ते सरांच्या आवाजाशिवाय वाचलं. वेस. पाण्यावरून पूल. पोकळ बुंध्याचं झाड. सहावी पायरी. अहो, ती सहावी पायरी माझ्या तळपायाला ठाऊक होती. दर शनिवारी मी ती ओलांडली होती. त्या माणसाच्या समोर दगडांचे ढीग होते आणि तो घरी खुशाली लिहायला बसला होता. घरची काळजी वाढेल असं त्याला लिहायचं नव्हतं. म्हणून त्यानं डोळे मिटले असतील आणि जे दिसलं ते लिहिलं. त्याला परंडा दिसला.

मला रडू आलं, आणि लगेच प्रश्न पडला. सरांना काय सांगायचं? तीस वर्षं ज्यांनी पोरांना हे गाव शिकवलं, ज्यांनी घरातलं घड्याळ त्याच्या वेळेवर ठेवलं, त्यांना जाऊन सांगू की तुमच्या वडिलांनी ते गाव धड पाहिलंच नव्हतं, कारण पाहायला ते उरलंच नव्हतं? मी पाच मिनिटं तिथं उभी राहिले, सांगितलं होतं म्हणून. नेमकं काय बघायचं ते मात्र कळत नव्हतं.

परतल्यावर कुर्डुवाडीहून परंड्याच्या एसटीत बसले तेव्हा माझं ठरलेलं होतं. खोटं बोलायचं. सगळं तसंच आहे सर, सहावी पायरीसुद्धा. सोपं होतं ते.

सर कोचावर पाय वर घेऊन बसले होते. शेजारी माझे वडीलही येऊन बसलेले. सरांनी डोळे मिटले. “हं, चल. वेशीपासून फिरव मला.”

मी वेशीतून आत नेलं. पुलावरून नेलं. तीन कमानी मोजल्या. झाड दाखवलं. सर मान डोलावत होते. मग त्यांनी डोळे न उघडताच विचारलं, “पाण्याला बाया येतात का गं अजून?”

“नाही सर, आता नळ आहेत. पण जुने फोटो पाहिले. डोक्यावर घ्यायच्या घागरी.”

बोलून गेले आणि जीभ चावली. सरांनी डोळे उघडले.

“डोक्यावर?”

“हो सर.”

“कडंवर कुणीच न्हाय?”

आता मला खोटं बोलवेना. माझ्या शिक्षकानं मला सरळ प्रश्न विचारला होता. “कुणीच नाही, सर. कधीच नाही,” मी म्हणाले, आणि मग सगळंच सांगितलं. उडवलेला पूल, पडलेली वेस, गुहा, दगड, नसलेली विहीर. सर ऐकत होते. चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. वडील माझ्याकडं रागानं बघत होते.

“मग त्यांनी कुणाला बघितलं?” सर म्हणाले. “रोज बघतो म्हणून लिवलंय. उजव्या कडंवर घागर घेणारी कोण?”

काकू पदराला हात पुसत दारात येऊन उभ्या होत्या. “उजव्या कडंवर तर आत्याबाई घ्यायच्या की,” त्या म्हणाल्या. आत्याबाई म्हणजे त्यांच्या सासूबाई, सरांची आई. “डावऱ्या व्हत्या ना त्या. डावा हात मोकळा लागायचा त्येंना. आन् बारवेवरून वर आल्या की थांबून मागं बघायच्याच. म्या इचारलं एकदा, आत्याबाई, काय बघता? तर म्हणल्या, सवय हाय, समद्या बाया वर आल्या का बघती. एकदा कुणी त्या फुटक्या पायरीवरनं पडलं व्हतं म्हणं.”



“म्या कधी ध्यान दिलं न्हाय. आन् तू बी कधी बोलली न्हाईस ते,” सर म्हणाले.

“मला कुठं ठावं पत्रात काय हाय ते? समद्या शाळंला वाचून दाखवलंत. मला कधी दाखवलंत का?”

हे खरं होतं. तीस वर्षांत दीड-दोन हजार पोरांनी ते पत्र ऐकलं असेल, आणि ज्या बाईनं सरांच्या आईबरोबर वर्षानुवर्षं त्या बारवेचं पाणी वाहिलं, तिला ते कधी कुणी वाचून दाखवलं नव्हतं. महाळाला उपाशी मात्र ठेवलं होतं.

सर उठले. काठी घेतली. “चला,” म्हणाले, आणि काकूंना पहिल्यांदाच, “तू बी चल.”

बारवेला आता लोखंडी कठडा आहे, पाणी कुणी भरत नाही, तळाशी शेवाळ आणि प्लास्टिकच्या बाटल्या. वडिलांनी एका बाजूनं आणि मी दुसऱ्या बाजूनं धरून सरांना उतरवलं. सहाव्या पायरीवर ते बसले. फुटक्या कडेवरून हात फिरवत राहिले. काकू वर काठावर उभ्या होत्या. सरांनी मला पत्र मागितलं आणि ते वर काकूंकडं बघून मोठ्यानं वाचलं, वर्गात वाचायचे तसं. ‘वर आली की थांबते, मागे बघते, मग जाते’ ही ओळ त्यांनी दोनदा वाचली. माझे वडील, ज्यांनी कधी माझ्या पाठवणीलाही डोळे ओले केले नाहीत, ते बारवेच्या भिंतीकडं तोंड करून उभे राहिले.

“जल्मभर आईनं स्वतःवरच राग धरला,” सर म्हणाले. “आन् म्या त्यांना तिकडं हुडकत बसलो. ते हितंच व्हते. लढाईत उभं राहून बी हितंच व्हते.” मग माझ्याकडं वळून म्हणाले, “गावं दोन न्हाईत गं. एकच हाय.”

त्यांच्या चेहऱ्यावर दुःख होतं की आनंद, मला सांगता येणार नाही. दोन्ही असावीत. मला मात्र मी खोटं न बोलल्याचा जन्मात एवढा आनंद कधी झाला नव्हता.

त्याच वर्षी पितृपंधरवड्यात मी पुण्यात ऑफिसात होते. तिथी लक्षात होती. साडेतीनला पाच मिनिटं असताना फोन लावला. म्हटलं, पान वाढायच्या आधी सर सापडतील. फोन काकूंनी घेतला.

“झोपलेत,” त्या म्हणाल्या.

“झोपलेत? आज महाळ ना?”

“झालं की. बाराला वाढलं. समदी जेवून गेली बी. तुझे वडील तेवढे घरनं भाकरी खाऊन आलते सवयीनं, त्येंना घास जाईना.”

“आणि घड्याळ?”

“ते बी हितलंच लावलंय आता.”

“आणि कावळा, काकू?”

काकू हसल्या. “पान घेऊन बारवेवर गेलो आमी दोघं. ह्येंनी पायरीवर ठिवायच्या आधीच कठड्यावर येऊन बसलेला. म्या म्हणलं, अवो, यंदा येवढ्या लवकर कसा आला? तर म्हणले, लांबनं थोडंच यायचं व्हतं.”